जुन्या व्हीएमसीच्या दाराला लॉक हवंच

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली. यापैकी कुठल्याही एमआयडीसीतल्या लहान शेडमध्ये पंधरा-वीस वर्षं जुनं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, चालू असताना त्याच्या दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहावं. तिथे तेलाचा आणि बारीक चिप्सचा थर बसलेला एक स्विच असतो. दाराला लावलेली स्टीलची जिभली दार बंद होताच या स्विचमध्ये शिरते आणि दार लागल्याचं मशीनला कळतं. पुष्कळ ठिकाणी ही जिभली दारावर नसतेच. तिचे दोन स्क्रू काढून ती कायमची स्विचमध्ये खोचलेली असते आणि निसटू नये म्हणून वरून केबल टाय आवळलेला असतो. दार सताड उघडं, कटर फिरतोय, ऑपरेटर वाकून आत बघतोय, आणि कंट्रोलच्या लेखी मात्र दार बंद आहे. काही मशीनवर एवढी खटपटही केलेली नसते. पॅनेलमध्ये दोन वायर जोडून ‘डोअर बायपास’ केलेला असतो, नाहीतर कंट्रोलच्या पॅरामीटरमधला एक आकडा बदलून विषयच संपवलेला असतो.

याहून जुनी एक जात आहे. साध्या मिलिंग मशीनवर मागाहून सर्व्हो मोटर आणि कंट्रोल चढवून केलेली सीएनसी. तिला दारच नसतं. टेबलाभोवती पत्र्याचा एक आडोसा असतो आणि जॉब लावायला अडचण होते म्हणून तोही भिंतीला टेकवून ठेवलेला असतो.

अशा मशीनवर बोट गेलं की शेडमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते ऑपरेटरच्या निष्काळजीपणाचं. त्यानेच हात घातला, त्यानेच बायपास केला. हे वाक्य सोयीचं आहे आणि बहुतेक वेळा अन्यायाचं आहे. दार उघडं ठेवण्याची कारणं मशीनच्या रचनेत, जॉबच्या दरात आणि सुपरवायझरच्या उत्पादन-तक्त्यात असतात. ती तिथेच सोडवायला हवीत, आणि जुन्या मशीनना योग्य इंटरलॉक, म्हणजे धोका संपेपर्यंत दार अडवून धरणारं लॉक, बसवण्याची सक्ती मुदत घालून व्हायला हवी. त्यासाठी लागणारा पैसा शेडच्या मालकाबरोबर त्याच्याकडून पार्ट घेणाऱ्या मोठ्या कंपनीनेही मोजायला हवा.

दारामागे काय असतं ते आधी पाहू. ८० मिलिमीटर व्यासाचा फेस मिल ॲल्युमिनियमवर मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३३ मीटर होतो. ताशी हिशेब केला तर १२० किलोमीटर. त्या कडेवर कार्बाइडचे इन्सर्ट नखाएवढ्या स्क्रूने धरलेले असतात. स्क्रू नीट आवळला नाही, जॉबमध्ये कठीण ठिपका लागला किंवा ऑफसेटमध्ये एक शून्य इकडचं तिकडे झालं, की इन्सर्टचा तुकडा त्याच वेगाने बाहेर पडतो. दार बंद असेल तर तो पत्र्यावर किंवा काचेवर आदळतो. उघडं असेल तर समोर माणूस असतो.

हाताचंही गणित आहे. मशीनभोवतीच्या संरक्षणाची आखणी करताना आंतरराष्ट्रीय मानकात माणूस धोक्याकडे जाण्याचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. व्हीएमसीचं दार आणि कटर यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर दार सरकवल्यावर बोटं कटरपाशी पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. उलट ८,००० फेऱ्यांवरचा स्पिंडल ड्राइव्हने ब्रेक लावून थांबवायचा म्हटलं तरी काही सेकंद जातात. वीजच तोडली तर ड्राइव्हचा ब्रेकही जातो आणि स्पिंडल मोकळा, आणखी कितीतरी वेळ फिरत राहतो. दार उघडताच वीज बंद करणारा साधा स्विच इथे पुरा पडत नाही तो यामुळेच. स्पिंडल थांबेपर्यंत दार उघडताच येऊ नये, अशी व्यवस्था लागते. या एका मुद्द्यावर जुन्या मशीनची निम्मी दुरुस्ती चुकते, त्याकडे पुढे येऊच.

खरे अपघात फारसे नाट्यमय नसतात. कटरभोवती गुंडाळलेली लांब चिप काढायला हुक नाही म्हणून हातमोजा घातलेला हात पुढे जातो, आणि चिपेच्या आधी हातमोजा ओढला जातो. एअर गनने फिक्स्चर साफ करत असताना दुसऱ्याच कुणाचा हात सायकल स्टार्टवर पडतो. टूल चेंजरचा आर्म क्षणात फिरतो आणि मधे मनगट असतं. मिनिटाला २० मीटर रॅपिडने येणारं टेबल सेकंदाला एक फूट सरकतं. हात जॉब आणि कटर यांच्यामध्ये असेल तर तेवढं पुरतं.

प्रमाणाचं भानही ठेवायला हवं. आपल्याकडे वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटं जातात ती मुख्यतः पॉवर प्रेसवर. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था गुडगाव-मानेसर पट्ट्यातल्या जखमी कामगारांना कर्मचारी राज्य विम्याचा हक्क मिळवून देण्यासाठी काम करते. २०१९ पासून तिचे ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल निघत आहेत आणि त्यांत प्रेसचाच वाटा सर्वांत मोठा दिसतो. पण या अहवालांतून जे कळतं ते व्हीएमसीलाही जसंच्या तसं लागू पडतं. नामवंत ब्रँडच्या गाडीतला पार्ट साखळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या शेडमध्ये बनतो, आणि तिथल्या मशीनची अवस्था वर कुणी विचारत नाही. त्यात सीएनसीबद्दल एक गैरसमज आहे. प्रेसची भीती सगळ्यांना असते, सीएनसी मात्र ‘कॉम्प्युटरचं मशीन’ म्हणून सुरक्षित वाटतं. आयटीआयमधून नुकताच आलेला शिकाऊ मुलगा प्रेसवर उभा करताना मालक दोनदा विचार करतो. व्हीएमसीवर तो पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला एकटा असतो.

माणसं इंटरलॉक का काढतात, हा प्रश्न जर्मनीने गांभीर्याने विचारला. तिथल्या अपघात-विमा महामंडळांच्या संघटनेने २००६ मध्ये धातुकामाच्या कारखान्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मशीनवरच्या संरक्षक साधनांपैकी सुमारे ३७ टक्के साधनं तात्पुरती किंवा कायमची निकामी केलेली असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशातली ही गत. कारणं विचारली तेव्हा आळस किंवा मस्ती पुढे आली नाही. काम वेगाने उरकता येतं, नीट दिसतं, काही कामं दार बंद ठेवून करताच येत नाहीत, अशी उत्तरं मिळाली. सेटिंग आणि बिघाड शोधणं ही त्यांतली ठळक कामं. विमा संस्थांनी यातून धडा घेतला आणि नियम वाढवण्यापेक्षा मशीनची रचना सुधारण्यावर भर दिला. इंटरलॉकविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही आज हीच दिशा आहे: लॉक निकामी करावंसं वाटण्याचं कारणच रचनाकाराने आधी शोधायचं आणि काढून टाकायचं.

भोसरीतल्या ऑपरेटरची कारणं वेगळी नाहीत. जॉबवर्कचा दर नगावर असतो. सायकल दीड मिनिटाची असेल आणि जॉब बदलताना दार उघड-बंद करायला सहा-सात सेकंद जात असतील, तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये त्यात अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. दाराचे रोलर झिजलेले, खालच्या खाचेत चिप्स साचलेल्या, त्यामुळे दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं. खिडकी वर्षानुवर्षांच्या कुलंटने पिवळी आणि चिप्सच्या माऱ्याने धुरकट झालेली, आतला दिवा बंद. नवीन जॉबचा पहिला नग घेताना टूल कुठे उतरतंय ते दिसलंच नाही तर टूल, फिक्स्चर आणि स्पिंडल तिन्ही जाणार, हे त्याला ठाऊक असतं. मग तो दार उघडं ठेवतो. त्याच्या जागी कुणीही तेच करील.

याच खिडकीबद्दल थोडं विषयांतर करून सांगायला हवं. व्हीएमसीची ‘काच’ खरं तर पॉलिकार्बोनेटची असते. नवी असताना ती तुटलेल्या टूलचा मार झेलू शकते. कुलंटमधल्या तेलाने आणि रसायनांनी ती हळूहळू ठिसूळ होत जाते, आणि ओरखडे पडले की आणखी लवकर. म्हणूनच मशीनचे उत्पादक ती ठरावीक वर्षांनी बदलायला सांगतात. वीस वर्षं जुन्या मशीनवर मूळचीच खिडकी असेल तर तिच्या ताकदीचा भरवसा कुणीही देऊ नये. काही शेडमध्ये तडकलेल्या खिडकीच्या जागी बाजारातून आणलेलं ॲक्रिलिक बसवतात. ते स्वच्छ दिसतं आणि पहिल्याच जोरदार घावात फुटतं. लॉकचं काम काढलं की खिडकी बदलणं त्यात धरायलाच हवं. आत दिसायला लागलं की दार उघडं ठेवण्याचं निम्मं कारण जातं.

आता लॉक बसवण्याच्या कामाकडे. सर्वांत जास्त केली जाणारी चूक सरधोपट आहे. इलेक्ट्रिशियन एक लिमिट स्विच लावतो आणि तो इमर्जन्सीच्या वायरीत मालिकेत जोडून मोकळा होतो. दार उघडलं की सगळं धाडकन बंद. दिसायला कडेकोट. पण सायकलच्या मध्यावर टॅपिंग चालू असताना दार सरकलं तर स्पिंडल आणि झेड ॲक्सिस यांचा मेळ तुटतो आणि टॅप जॉबमध्ये मोडतो. सर्व्होची वीज गेली की उभ्या ॲक्सिसला धरून ठेवणारा फक्त मोटरचा ब्रेक उरतो. तो झिजलेला असेल तर स्पिंडलचं डोकं खाली सरकतं, नेमकं त्याच वेळी आत हात असतो. शिवाय दर वेळी रेफरन्स घ्या, अलार्म काढा, जुन्या ड्राइव्हला वारंवार वीज तोडून-जोडून त्रास द्या. आठवडाभरात हा स्विच बायपास होतो आणि ‘लॉक लावलं होतं, माणसांनी काढलं’ असं सांगायला मालक मोकळा.

नीट बसवलेलं लॉक वेगळं वागतं. सायकल चालू आहे तोवर दार यांत्रिकरीत्या अडकलेलंच असतं. आतली कडी स्प्रिंगने पडते आणि विजेने उचलली जाते, त्यामुळे वीज गेली तरी दार बंदच राहतं. ऑपरेटरने पॅनेलवरचं ‘दार उघडा’ बटण दाबलं की आधी फीड थांबतं, टूल जॉबपासून मागे येतं, मग ड्राइव्ह स्वतःच्या ब्रेकने स्पिंडल थांबवतो. स्पिंडल खरोखर थांबला का, हे एक स्वतंत्र रिले तपासतो. मोटर फिरत असली की तिच्या तारांत विजेचा दाब तयार होतो. तो शून्यावर आला की रिले मान्य करतो की फिरणं थांबलं. त्यानंतरच कडी उचलते आणि दार उघडतं. दार उघडं असताना ड्राइव्हला मिळणारी परवानगी काढून घेतलेली असते, आणि सायकल स्टार्ट कितीही दाबलं तरी काही हलत नाही. दार परत लावलं म्हणून मशीन आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी पुन्हा बटण दाबावंच लागतं. जॉब संपला की प्रोग्रॅमच्या शेवटी दार आपोआप मोकळं होईल अशी जोडणी करता येते. मग ऑपरेटरचे बटण दाबण्याचे सेकंदही वाचतात.

यातली गोम अशी की हा सगळा निर्णय कंट्रोलच्या साध्या इनपुटवर सोडायचा नसतो. जुन्या मशीनवर दाराचा स्विच थेट पीएलसीला जोडलेला असतो. एक वायर चिकटली, एक रिलेचा कॉन्टॅक्ट वेल्ड झाला, एक पॅरामीटर बदलला, की संरक्षण संपलं आणि ते संपल्याचं कुणाला कळतही नाही. म्हणून हे काम सेफ्टी रिलेवर सोपवायचं. त्यात दाराची खबर दोन स्वतंत्र वाटांनी येते आणि दोन्हींचं पटलं नाही तर तो मशीन सुरूच होऊ देत नाही. पुढचे दोन कॉन्टॅक्टर खरोखर सुटले का, हेही तो दर वेळी बघतो. जुन्या ड्राइव्हला ‘सेफ टॉर्क ऑफ’ची, म्हणजे मोटरची ताकद खात्रीने तोडण्याची, सोय नसते, म्हणून आधी नियंत्रित थांबवणं आणि थोड्या विलंबाने कॉन्टॅक्टर सोडणं, असा क्रम लावावा लागतो. मशीनच्या मूळ उत्पादकाने लॅडर प्रोग्रॅम कुलूपबंद ठेवलेला असला तरी फीड होल्ड, स्पिंडल स्टॉप आणि ड्राइव्हच्या परवानगीच्या वायरी बाहेरून हाती लागतात, आणि त्यांवर हे काम होऊ शकतं. जिभलीऐवजी सांकेतिक ओळख असलेला स्विच घेतला तर सुटी जिभली किंवा चुंबक दाखवून त्याला फसवता येत नाही. तो साध्या स्क्रूने न लावता न उलगडणाऱ्या स्क्रूने लावायचा. मशीन माणूस आत शिरू शकेल एवढं मोठं असेल तर आतून दार मोकळं करणारी मूठ हवीच.

हे सगळं साहित्य पुण्यात सहज मिळतं. खर्च मशीनच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. एका नव्या स्पिंडलचा किंवा टूल चेंजरच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च मालक दर काही वर्षांनी कपाळाला आठी न घालता करतो, त्याच्या पुढे लॉकचा खर्च काहीच नाही. अडतं ते ज्ञानावर. एमआयडीसीत सर्व्हो दुरुस्त करणारे उत्तम तंत्रज्ञ आहेत, पण सेफ्टी सर्किटचा विचार करून वायरिंग करणारे मोजके. हे काम आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि मेकॅट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष मशीनवर शिकवलं गेलं पाहिजे.

आणि तरीही एवढ्याने भागत नाही, कारण सेटिंगचा प्रश्न उरतो. नवा जॉब लागला की सेटरला जॉबची कड शोधावी लागते. एज फाइंडर स्पिंडलमध्ये लावून मिनिटाला पाचशे ते हजार फेऱ्यांनी फिरवायचा, हातातलं चाक एकेक टिचकी फिरवत तो जॉबला टेकवायचा आणि त्याचं टोक कधी बाजूला सटकतं ते डोळ्यांनी टिपायचं. दार बंद ठेवून हे होत नाही. टूलची उंची घ्यायला जॉबवर स्लिप गेज ठेवून ती हाताने मागेपुढे सरकवत टूल खाली आणायचं, हेही उघड्या दारानेच होतं. सेटरला हे करायची रीतसर सोय दिली नाही, तर तो लॉक काढणार आणि एकदा काढलेलं लॉक उत्पादनाच्या वेळी कुणी परत लावत नाही.

मशीनिंग सेंटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने यासाठीच ‘सेटिंग’ हा वेगळा मोड सांगितला आहे. तो किल्लीने निवडायचा आणि किल्ली सेटरकडे राहायची. या मोडमध्ये दार उघडं ठेवता येतं, पण ॲक्सिसचा वेग मिनिटाला दोन मीटरच्या वर जात नाही, स्पिंडलचा वेग बांधलेला असतो, आणि हातातला एनेबलिंग स्विच धरून ठेवल्याशिवाय काहीच हलत नाही. हा स्विच फार विचारपूर्वक केलेला आहे. त्याच्या तीन अवस्था असतात. मोकळा असला की बंद, मधोमध अलगद दाबून धरला की चालू, आणि पूर्ण आवळला की पुन्हा बंद. माणूस घाबरला की एकतर हातातली वस्तू सोडून देतो नाहीतर ती घट्ट आवळतो. दोन्ही वेळा मशीन थांबतं. जुन्या मशीनच्या हँडव्हीलजवळ हा स्विच बसवणं अवघड नाही. दाराचं लॉक आणि हा मोड एकत्र बसवले तरच लॉक टिकतं. नुसतं लॉक विकणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही, म्हणून मालकाने ते मागून घ्यायला हवं.

कायद्याची बाजू पाहिली तर तरतूद नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागांभोवती भक्कम बांधणीचं संरक्षण मागत होतं. ते नेहमी सुस्थितीत हवं आणि भाग गतीत किंवा वापरात असताना जागेवरच हवं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. संरक्षक साधनांशी जाणूनबुजून छेडछाड करू नये, असं कलम १११ कामगारालाही बजावत होतं. ज्या ब्रिटिश कायद्याच्या वळणावर आपला कायदा बेतला गेला, त्याच्याबद्दल हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५५ मध्ये जॉन समर्स विरुद्ध फ्रॉस्ट खटल्यात निवाडा दिला होता. ग्राइंडिंग व्हीलवर एका कामगाराचा अंगठा जखमी झाला होता. पूर्ण झाकलं तर व्हील वापरताच येणार नाही, हा मालकाचा बचाव लॉर्ड्सनी मानला नाही. झाकण्याचं कर्तव्य निरपवाद आहे, असं त्यांनी ठरवलं. ग्राइंडरबाबत तो बचाव निदान समजण्याजोगा तरी होता. व्हीएमसीला तोही मिळत नाही, कारण दार बंद ठेवून ते उत्तम चालतं. त्याची रचनाच तशी आहे.

दंडाची गोष्ट निराळी. जुन्या अधिनियमाच्या कलम ९२ नुसार सुरक्षेच्या तरतुदी मोडल्याने गंभीर इजा झाली तर दंडाची किमान रक्कम पाच हजार रुपये होती, मृत्यू झाला तर पंचवीस हजार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्याचं केंद्राने जाहीर केलं. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत हे आकडे गंभीर इजेला किमान दोन लाख आणि मृत्यूला किमान पाच लाख झाले, आणि दंडाचा निदान निम्मा भाग जखमीला किंवा वारसाला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या वीस कामगारांपासून सुरू होते, आणि दहापेक्षा कमी माणसांचं काम तिच्या बहुतेक तरतुदींच्या बाहेर राहतं. तीन जुनी व्हीएमसी आणि सात माणसं, ही आपल्या जॉबवर्कच्या शेडची नेहमीची मांडणी. सर्वांत जुनी मशीन जिथे आहेत तिथेच कायद्याची पकड सर्वांत सैल आहे.

जखमीच्या पदरात काय पडतं, तेही पाहण्यासारखं आहे. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवापुढे कमाईच्या क्षमतेत होणाऱ्या घटीची टक्केवारी छापलेली होती. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट १२. हँडव्हीलची टिचकी बोटाने जोखणाऱ्या, पृष्ठभागाची फिनिश नखाने ओळखणाऱ्या सेटरची तर्जनी गेली की त्याचा पेशाच गेला, हे या तक्त्याला कळत नव्हतं.

नव्या मशीनकडे सरकारचं लक्ष आहे. केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रसामग्रीच्या सुरक्षेचा एक सर्वसमावेशक आदेश काढला. मशीन टूल त्यात आहेत. तो वर्षभरात लागू व्हायचा होता, पण त्याची तारीख १ सप्टेंबर २०२६ वर ढकलली गेली. तो कधीही लागू झाला तरी त्याचा भर बाजारात येणाऱ्या मशीनवर आहे. शेडमध्ये पंधरा वर्षांपासून उभ्या असलेल्या व्हीएमसीच्या दाराला तो हात लावत नाही, आणि मशीन टूल तर पंचवीस-तीस वर्षं सहज चालतात. नव्या नियमांचा परिणाम जमिनीवर पोचेपर्यंत एक अख्खी पिढी जुन्या मशीनवर काम करून निवृत्त होईल.

युरोपने ही अडचण ओळखून तोडगा काढला होता. कामाच्या साधनांविषयीचा युरोपीय निर्देश १९८९ चा. १९९२ च्या अखेरीपर्यंत वापरात आलेल्या जुन्या मशीननाही किमान सुरक्षेच्या पातळीवर आणायला त्याने चार वर्षं दिली, ३१ डिसेंबर १९९६ पर्यंत. जुन्या मशीनला नव्याच्या तोडीचं करा, अशी अपेक्षा नव्हती. धोकादायक भागापर्यंत पोचता येऊ नये किंवा पोचण्याआधी तो थांबावा, एवढी किमान पातळी होती. मशीन भंगारात काढायची नव्हती, सुधारायची होती.

महाराष्ट्राने असाच एक कालबद्ध कार्यक्रम हाती घ्यावा. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने सीएनसी मशीनसाठी दोन पानी किमान पातळी मराठीत जाहीर करावी: दाराला लॉक, सेफ्टी रिले, शाबूत खिडकी, सेटिंगचा मोड. पहिल्या वर्षी मालकाने स्वतःच आपल्या मशीनची यादी आणि अवस्था कळवावी, त्यासाठी दंड नसावा. पुढच्या तीन वर्षांत काम पुरं व्हावं. लहान उद्योगांसाठी केंद्राची ‘झेड’ प्रमाणपत्राची योजना आहे आणि तिच्या निकषांत कामाच्या जागेची सुरक्षितता येते. प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के अनुदान मिळतं. तेवढीच सवलत लॉकच्या सामानावर मिळाली तर सात माणसांच्या शेडला सबब उरणार नाही.

खरा जोर मात्र खरेदीदाराकडून यायला हवा. मोठ्या कंपनीचा ऑडिटर पुरवठादाराकडे येतो तेव्हा मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन, कंट्रोल प्लॅन, रिजेक्शनचे आलेख बारकाईने तपासतो. त्याच फेरीत त्याने चालू सायकलमध्ये दाराची मूठ ओढून पाहावी, सेटिंगची किल्ली कुणाकडे असते ते विचारावं, पॅनेल उघडून सेफ्टी रिले पाहावा. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. दार उघडलं तर त्या मशीनवरचा पार्ट त्या दिवसापासून थांबवावा, आणि सुधारणेसाठी मुदतही द्यावी. पण मुदतीबरोबर पैसाही द्यायला हवा. सायकल टाइम ठरवताना दार उघड-बंद करण्याचे सेकंद दरात धरले जात नाहीत आणि मग तेच सेकंद ऑपरेटरच्या बोटांतून वसूल होतात. पुण्यातल्या खरेदी विभागांनी नगाचा दर ठरवताना हे सेकंद लेखी धरावेत. कोटेशनच्या तक्त्यात लोडिंग-अनलोडिंगचा रकाना आधीपासून आहे, त्यातच ते बसतात.

जुन्या मशीनचे व्यापारीही या साखळीत आहेत. जपान, तैवान, जर्मनीहून आलेली वापरलेली व्हीएमसी रंग देऊन, स्पिंडलचा रनआउट दाखवून विकली जातात. ग्राहक बॅकलॅश तपासतो, टूल चेंजर दहा वेळा फिरवून बघतो, दाराच्या स्विचकडे त्याचं लक्ष नसतं. विक्रीच्या बिलाबरोबर दाराच्या लॉकचा आणि सेफ्टी सर्किटचा सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल सक्तीचा करावा, आणि बँकेने मशीनवर कर्ज देताना तो अहवाल विम्याच्या कागदांसोबत मागावा.